गाजरगवताचं वावडं : आधी तपासणी, मग औषध



आज पिकाच्या रोगाबद्दल नाही, तर पीक काढणाऱ्याच्या कातडीबद्दल बोलायचं आहे. मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की बांधावर, रस्त्याच्या कडेला, गोठ्यामागे, शाळेच्या पटांगणात गाजरासारख्या पानांचं एक हिरवंगार रोप उगवतं. कोणी त्याला गाजरगवत म्हणतं, कोणी काँग्रेस गवत, कोणी चटकचांदणी. महिना-सव्वा महिन्यात ते पांढऱ्या बारीक फुलांवर येतं. नावात गवत असलं तरी हे गवत नव्हे. ते शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं झाड आहे, मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण मुलखाचं. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्याजवळ ते प्रथम नजरेत भरलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. कसंही आलेलं असो, आज ते नाही असं शिवार शोधून सापडायचं नाही.

या झाडाच्या पानांवर, देठांवर आणि फुलांवर अगदी बारीक लव असते. त्या लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. काही माणसांच्या कातडीला त्याचं वावडं असतं. डॉक्टर ज्याला अ‍ॅलर्जी म्हणतात ते हेच. बरं, त्यासाठी झाडाला हात लावायलाच पाहिजे असं नाही. झाड वाळलं की त्याचा भुगा होतो, तो वाऱ्यावर उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. म्हणून रोगी सांगतो, “मी तर त्या गवताच्या जवळही गेलो नाही.” ते खरंच असतं. तो गवताकडे गेला नाही, गवत त्याच्याकडे आलं.

दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही. “डॉक्टर, वीस वर्षं हातानं उपटतोय, कधी काही झालं नाही, आताच कसं होईल?” वावडं जन्मतःच असतं असं नाही, ते अंगात तयार होतं. कातडी पुन्हा पुन्हा त्या द्रव्याच्या संपर्कात येते आणि एक दिवस शरीर त्याला शत्रू मानायला लागतं. एकदा मानलं की मग थोडीशी धूळही पुरते. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांत हा त्रास जास्त दिसतो, पण बायामाणसांनाही होतो.

आता हा त्रास ओळखायचा कसा? जागा बघा. पापण्या सुजतात, खाजतात. मान आणि गळ्याभोवतीचा भाग लाल होतो. कोपराच्या आतली घडी आणि गुडघ्यामागची लवण चरचरते, कारण घामाबरोबर धूळ तिथेच साठते. सदऱ्याखाली झाकलेलं अंग सुरुवातीला बरं असतं. पावसाळ्यात त्रास वाढतो, थंडीत पुष्कळांचा उतरतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. असं चार-पाच वर्षं चाललं की काहींना बारमाही होतं. कपाळाची आणि मानेची कातडी जाड, काळी, सुरकुतलेली होते, ऊन सहन होत नाही. तिथवर गेलेला रोगी आटोक्यात आणायला फार वेळ लागतो. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षीच दाखवायला या.

पण प्रत्येक खाज गाजरगवताची नसते, हेही तेवढंच खरं. रात्री बिछान्यात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेला पुरळ आहे, घरातली पोरंही खाजवताहेत, तर ती खरूज असण्याचा संभव मोठा. जांघेत किंवा काखेत गोल चट्टा आहे, कडा उठलेली आणि मध्ये कातडी बरी दिसते, तर तो नायटा. अंगावर एकाएकी गांधी उठतात आणि काही तासांत विरून जातात, ते पित्त म्हणजे निराळंच प्रकरण. फवारणीनंतर फक्त हातांवर आणि पंपाच्या पट्ट्याखाली चट्टे आले, तर संशय औषधावर घ्यायचा. आणि उन्हाळ्यात गवंडीकामाला जाणाऱ्याचे हात फुटले, तर सिमेंटाकडे बघायचं. सिमेंटात क्रोमियमचे क्षार असतात, त्यांचंही वावडं होतं. एकाच माणसाला यातली दोन दुखणी एकदम असू शकतात. म्हणून नुसतं बघून अंदाज बांधण्यापेक्षा तपासणी करून घेणं बरं.

तपासणी म्हटलं की इथे मोठा गोंधळ आहे. वावडं दोन तऱ्हेचं असतं आणि प्रत्येकाची तपासणी वेगळी.

एक तऱ्हा तडकाफडकी होणारी. परागकण नाकात गेले की दहा मिनिटांत शिंका, नाकातून पाणी, छातीत सूं-सूं, किंवा अंगावर गांधी. यासाठी हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या द्रव्यांचे थेंब टाकतात आणि प्रत्येक थेंबातून कातडीला बारीक टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत कुठे फुगवटा येतो ते बघतात. तिला प्रिक टेस्ट म्हणतात. तिच्याआधी पाच-सात दिवस शिंका-खाजेच्या गोळ्या थांबवाव्या लागतात, नाहीतर फुगवटा येतच नाही. क्वचित एखाद्याला या तपासणीतच जोराचा त्रास होतो, म्हणून ती जिथे तातडीचं औषध आणि डॉक्टर हजर आहेत तिथेच करायची. याच तऱ्हेच्या वावड्यासाठी रक्ताचीही तपासणी असते. तिच्यात आयजीई नावाचं द्रव्य मोजतात.

दुसरी तऱ्हा सावकाश होणारी. धूळ आज अंगावर बसते, कातडी उद्या-परवा पेटते. गाजरगवताचा चट्टा मुख्यतः या तऱ्हेचा. याला प्रिक टेस्ट नव्हे, पॅच टेस्ट लागते.

हा फरक नीट ध्यानात घ्या, कारण त्यात तुमचा पैसा आहे. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, सोयाबीन आणि हरभरा करणारे. मान आणि पापण्या काळवंडलेल्या. हातात रक्ताच्या तपासणीचा कित्येक पानांचा कागद. त्यात वांगं, तूरडाळ, शेंगदाणा, दूध, अंडं, तांदूळ अशी मोठी यादी आणि बऱ्याच नावांपुढे खूण. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी आठ महिने यातलं काही खाल्लं नव्हतं. अंगानं निम्मे झाले होते आणि खाज होती तशीच. त्यांची पॅच टेस्ट केली. गाजरगवताच्या जागी चांगला लाल, उठलेला, बारीक फोडांचा चट्टा आला. त्या दिवशी ते घरी जाऊन भाकरीबरोबर वांग्याची भाजी जेवले, असं त्यांच्या मंडळींनी पुढच्या खेपेला सांगितलं. तो लांबलचक कागद खोटा होता असं मी म्हणत नाही. पण प्रश्न कातडीच्या सावकाश वावड्याचा आणि तपासणी दुसऱ्याच गोष्टीची, असा तो प्रकार होता. शिवाय रक्तातली आयजीई नुसत्या जंतांमुळेही वाढते. रक्तात खूण निघाली म्हणजे त्या पदार्थानं त्रास होतोच असंही नाही. खाल्ल्यावर प्रत्यक्ष काही होत असेल तरच त्या खुणेला अर्थ. केसांचा नमुना पाठवून वावडं सांगणारेही आहेत. त्यांच्या वाटेला जाऊच नका.

पॅच टेस्ट कशी करतात ते सांगतो, म्हणजे भीती राहणार नाही. यात सुई नाही, रक्त नाही. लहान टिकलीएवढ्या वाट्यांत वेगवेगळी द्रव्यं भरतात. गाजरगवताचा अर्क, सिमेंटातला क्रोमियमचा क्षार, निकेल, रबरातली रसायनं, सुगंधी द्रव्यं वगैरे. या वाट्या चिकटपट्टीनं पाठीच्या वरच्या भागावर लावतात. दोन दिवस तशाच ठेवायच्या. दोन दिवसांनी काढून बघतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. हे दुसरं बघणं चुकवू नका. काही चट्टे उशिरानं उमटतात. पहिल्या दिवशी कोरी दिसलेली जागा चौथ्या दिवशी लाल झालेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

आता यात शेतकऱ्याची अडचण कुठे आहे ते बोलू. या तीन-चार दिवसांत पाठ भिजवायची नाही. पट्ट्या घामानं सुटल्या तर सगळं वाया. म्हणजे पाठीवरचा फवारणीचा पंप नाही, पोत्याची पाठवण नाही, भारा नाही, खुरपणी नाही, विहिरीवर आंघोळ नाही. ओल्या फडक्यानं बाकी अंग पुसायचं. म्हणून वैशाखात किंवा ऐन पेरणीत ही तपासणी ठरवू नका. रब्बीची पेरणी उरकली आणि थंडी पडली की जा. घाम कमी, कामाची ओढ कमी आणि रोगही उतरलेला. अंग सगळं पेटलेलं असताना तपासणी करत नाहीत, कारण मग पाठ कुठेही लाल होते आणि खरं-खोटं कळत नाही. उघड्या पाठीनं काम करण्याची सवय असेल तर आधीचे दोन-तीन आठवडे सदरा घाला, भाजलेल्या कातडीवर निकाल नीट येत नाही. पाठीवर आठवडाभर कुठलंही स्टिरॉइडचं मलम नको. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, लपवू नका. पण त्या गोळ्या स्वतःच्या मनानं एकदम बंदही करू नका. खाजेच्या साध्या गोळ्यांनी मात्र पॅच टेस्टला सहसा बाधा येत नाही.

घरच्या घरी पान चोळून बघण्याचा उद्योग कोणी करू नये. तपासणीतला अर्क मोजून-मापून केलेला असतो, पानातलं द्रव्य कोण मोजणार? तेवढ्यानं हात सुजून बसेल.

आता उपचार. सगळ्यांना एकच औषध असं इथे नाही. रोग किती पसरलाय, तुम्हाला शेतात जाणं कितपत टाळता येतं, बाकी काय दुखणी आहेत, आणि रक्ततपासणीला दर महिन्याला जाणं जमेल का, यावर निवड ठरते. डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा : याचा गुण कधी येईल, काय त्रास होऊ शकेल, किती दिवस घ्यायचं, आणि न घेतलं तर काय होईल? हे विचारणं म्हणजे उर्मटपणा नव्हे.

पहिलं म्हणजे संपर्क कमी करणं. हे फुकट आहे, आणि हे केल्याशिवाय बाकीची औषधं अर्धीच लागू पडतात. ज्याला वावडं आहे त्यानं ते गवत उपटायचं नाही. ते काम घरातल्या दुसऱ्यानं करावं, हातमोजे घालून आणि नाक-तोंड झाकून. पूर्ण बाहीचा सुती सदरा, गळ्याला उपरणं. शेतातून आल्याबरोबर आंघोळ, आणि ते कपडे खुंटीला अडकवून उद्या पुन्हा घालायचे नाहीत. कपडे बांधावर, कुंपणावर वाळत टाकू नका, त्यांवर धूळ बसते. ज्यांच्या अंगणाला गवत टेकलेलं आहे त्यांनी गवत निघेपर्यंत अंगणात बाज टाकू नये. शेवंतीची बाग करणाऱ्यांना आणखी एक सांगतो. गाजरगवताचं वावडं असलेल्या काहींना शेवंतीचाही त्रास होतो. फुलं तोडताना हात आणि तोंड खाजत असेल तर शेवंतीचीही तपासणी मागून घ्या.

दुसरं, मलम. खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन कातडी मऊ ठेवतं, ते बारा महिने लावा. लाल, खाजऱ्या चट्ट्यांवर स्टिरॉइडचं मलम काम करतं, पण ते सौम्य आणि जहाल अशा पायऱ्यांचं असतं. चेहऱ्याला सौम्य, हातापायाच्या जाड कातडीला जहाल, आणि तेही सांगितलेल्या दिवसांपुरतं. ट्यूबमधून बोटाच्या शेवटच्या पेरावर पेरभर रेघ काढली तर तेवढं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. जहाल मलम महिनोन्‌महिने तोंडाला चोळलं तर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात. पापण्यांवर लावत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका असतो. पापण्या आणि चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमसचं मलम मिळतं. त्यात स्टिरॉइड नाही. पहिले काही दिवस ते चरचरतं, किंमतही जास्त, पण नाजूक जागेला ते बरं.

आणि ते दुकानात मागितल्याबरोबर मिळणारं, खाज, नायटा, जखम सगळ्यावर एकच असं सांगतात ते मलम? त्यातल्या पुष्कळांत जहाल स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत आराम वाटतो आणि नायटा असेल तर आतून पसरतो. मग तो ओळखूही येत नाही. औषधाच्या दुकानदाराला खाज दाखवून मलम घेणं थांबवलं तरी माझं निम्मं काम कमी होईल.

तिसरं, गोळ्या. खाजेच्या गोळीनं झोप लागते, खाज थोडी कमी वाटते, चट्टा जात नाही. काही गोळ्यांनी गुंगी येते. ती घेऊन ट्रॅक्टरवर किंवा मळणीयंत्रापाशी जाऊ नका. अंग फारच पेटलं तर डॉक्टर स्टिरॉइडच्या गोळ्या थोडे आठवडे देतात आणि हळूहळू उतरवतात. आग विझवायला म्हणून ते योग्य आहे.

पण आपल्याकडे जास्त चालतं ते इंजेक्शन. “एक सुई घेतली की महिनाभर बघायला नको.” ही सुई म्हणजे बहुधा सावकाश विरघळणारं स्टिरॉइड. आराम पडतो यात शंका नाही. पण दर महिन्याला असं वर्षं-दोन वर्षं घेणाऱ्याची साखर वाढते, रक्तदाब वाढतो, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, दबलेला क्षय डोकं वर काढतो. बिननावाच्या पुड्यांतही काही वेळा हेच स्टिरॉइड दळलेलं असतं. ज्यांनी हे पुष्कळ दिवस घेतलं आहे त्यांनी आज ऐकून उद्या बंद करू नये. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावलेलं असतं. एकदम सोडलं तर चक्कर, उलट्या, जिवावर बेतण्यापर्यंत पाळी येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवा.

ज्यांचा रोग बारमाही झाला आहे आणि शेती तर सोडता येत नाही, त्यांच्यासाठी अ‍ॅझाथायोप्रिन नावाची गोळी आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या तज्ज्ञांनी गाजरगवताच्या रोग्यांवर तिचा बराच अभ्यास केला आहे, आणि स्टिरॉइडची गरज तिनं कमी होते. मात्र गुण यायला महिना-दोन महिने लागतात. “पंधरा दिवस घेतली, काही नाही” म्हणून सोडणारे पुष्कळ. ही गोळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करू शकते, यकृतालाही त्रास देऊ शकते. म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर ठरल्या वेळी रक्त तपासायचं. ताप, घसादुखी, कारण नसताना काळेनिळे डाग, असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. गाऊटसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर ते सांगितल्यावाचून ही गोळी घेऊ नका. दोन्ही मिळून घात होतो. काहींना मेथोट्रेक्झेट देतात. ती या रोगासाठी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची, रोज नव्हे. चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. वार ठरवा, घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा सुनेला सांगून ठेवा, कॅलेंडरवर खूण करा. तिच्याबरोबर दारू तर मुळीच नको. मूल होण्याचा विचार असेल तर नवरा-बायको दोघांनीही डॉक्टरांना आधी सांगावं.

वावडं कायमचं घालवणाऱ्या लशीबद्दल लोक विचारतात. शिंका आणि दम्याच्या काही रोग्यांना वावड्याच्या द्रव्याचे वाढते डोस तीन ते पाच वर्षं देतात आणि त्याचा उपयोग होतो. कातडीच्या या रोगात मात्र ती पद्धत नेहमीच्या उपचारात बसलेली नाही. खात्रीनं बरं करतो म्हणून एकरकमी पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून परत या.

गवताचं काय? फुलावर येण्याआधीच काढा. एक झाड १५ ते २५ हजारांपर्यंत बिया टाकतं. पावसानंतर जमीन ओली असताना मुळासकट निघतं. फूल आलं नसेल तर खड्ड्यात कुजवून खत करता येतं, फुलाबियांचं मात्र खतात घालू नका. वाळलेलं गवत जाळताना वावडं असलेल्यानं जवळपासही थांबू नये. मेक्सिकोहून आणलेला एक भुंगा १९८४ साली बंगळुरूला सोडला गेला. तो हे गवत खातो आणि आता आपल्याकडेही पावसाळ्यात पानांवर दिसतो. पाठीवर काळ्या रेघा असलेला लहानसा पिवळट भुंगा दिसला तर मारू नका. पड जागेत तरोट्याचं बी फेकलं तर दाट तरोट्यात गाजरगवत दबतं. एकट्यानं आपलाच बांध साफ करून भागत नाही, बी शेजाऱ्याच्या बांधावरून येतं. हे गावानं मिळून पावसाळ्यात दोनदा करायचं काम आहे.

पत्रांतून एक प्रश्न नेहमी येतो, आणि तो विचारताना माणसं संकोचतात. हा रोग एकापासून दुसऱ्याला होतो का? नाही. ताट, पंचा, बिछाना, कशानंही लागत नाही. हे कोड नव्हे, महारोग नव्हे. यावरून घरात कोणाला वेगळं बसवू नका आणि पोरीची सोयरीक मोडू नका.

जिल्ह्याच्या किंवा जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. निघण्याआधी फोन करून किंवा गावच्या आरोग्य केंद्रातून विचारून घ्या की पॅच टेस्ट होते का आणि कोणत्या वारी लावतात. बहुधा सोमवारी लावली तर बुधवारी आणि शुक्रवारी बघता येते, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला जाणं सोयीचं. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या मलमांच्या रिकाम्या ट्यूबा, गोळ्यांची पाकिटं आणि जुने कागद एका पिशवीत घाला. सुया घेतल्या असतील तर किती आणि केव्हा ते लिहून न्या. पट्ट्या लावल्या की मुक्कामाची सोय बघा, नाहीतर घरी परतून बुधवारी पुन्हा जायची तयारी ठेवा. आणि एस.टी.त मागं टेकून पाठ घासू नका, पट्टी सरकते.